लसूणघासासाठी १० चाकी व्ही-रेक: गाड्याची जोडणी, हायड्रॉलिक आणि चालवताना घ्यायची काळजी

सारेवाला (फलटण)

नमस्कार मंडळी. १० चाकी व्ही-रेक (कापलेला चारा ओढून ओळीत लावणारं, इंग्रजी व्ही आकाराचं अवजार) सुट्या भागांत आला आहे. मधला गाडा, दोन टायर, दोन हात, प्रत्येक हाताला ५ दाताळी चाकं, दोन सिलिंडर, होज (तेलाचे रबरी पाइप) आणि नटबोल्टांची पेटी असं सगळं आहे. पुस्तिका इंग्रजीत आहे आणि आकृत्या इतक्या पुसट की डावं-उजवं कळत नाही. ट्रॅक्टर ४५ एचपीचा. मागे ड्रॉबार, लिफ्टची फळी आणि ट्रॉली उचलायचा एकच हायड्रॉलिक पाइप. काम मुख्यतः वाळवलेल्या लसूणघासाच्या ओळी लावायचं, उन्हाळ्यात गव्हाचं काड. मागून चौकोनी गठ्ठे बांधणारा बेलर येणार, त्याचा पिकअप (ओळ उचलून घेणारा भाग) साधारण दीड मीटरचा.

विचारायचं ते असं: जोडणीचा क्रम काय ठेवायचा? चाकांची दिशा कशी ओळखायची? एकाच पाइपवर दोन्ही हात उचलले जातील का? आणि पीटीओ (ट्रॅक्टरच्या मागचा, अवजार फिरवणारा शाफ्ट) नसल्यामुळे या अवजारात धोका नाही असं विकणारे सांगतात, ते कितपत खरं?

---

अवजार_जोडणी

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण जोडणीचा सगळा क्रम त्यावरच ठरतो. पीटीओ नाही हे खरं. दाताळी चाकं जमिनीला टेकून ट्रॅक्टरच्या ओढीनंच फिरतात. पण पाच चाकांसकट एक हात दीड-दोनशे किलोच्या घरात जातो आणि तो हवेत असतो तेव्हा त्याला फक्त सिलिंडरमधलं तेल धरून ठेवतं. होज फुटला, कपलर (होजचा जोड) निसटला किंवा कुणी चुकून लिव्हरला हात लावला, की रेकचा तो हात काही क्षणांत खाली येतो, आणि त्याच्या टोकाला लोखंडी दात असतात. म्हणून एकच गोष्ट पक्की धरा: लॉक पिन घातल्याशिवाय किंवा हाताखाली घोडी (लोखंडी टेकू) लावल्याशिवाय कुणीही खाली वाकायचं नाही. जोडणी चालू असतानाही नाही.

जागा सपाट आणि टणक हवी. शेणाच्या सारवलेल्या अंगणात जॅक रुततो, कोबा किंवा काँक्रीट असेल तिथं करा. दोन माणसं, चेन पुली किंवा फ्रंट लोडर, दोन टनांच्या चार घोड्या, लाकडाचे ठोकळे आणि हातमोजे एवढी तयारी हवी. विटांवर चॅसी ठेवू नका. कडेला भार आला की वीट एकदम फुटते.

आधी मधला गाडा. चॅसी घोड्यांवर ठेवून ॲक्सल आणि हब बसवा. हबमध्ये टेपर बेअरिंग असेल तर चाक हातानं फिरवत मधला नट आवळत न्या. चाक जड लागलं की नट एक खाच मागे घ्या आणि स्प्लिट पिन घालून तिची टोकं वाकवा. घट्ट ठेवलं तर बेअरिंग तापून जातं, सैल ठेवलं तर टायर डुगडुगतो आणि रस्त्यावर हब निघतो. टायरमध्ये हवा बाजूवर लिहिलेल्या दाबाएवढी भरा. दोन्ही टायर सारखे नसतील तर गाडा कलतो आणि एका बाजूचे दात जास्त रुततात. हे कारण शोधायला पुष्कळांना फार वेळ लागतो.

मग ट्रॅक्टरला जोडायची पुढची दांडी आणि तिचा जॅक स्टँड. दांडी बसली की टायरला दोन्ही बाजूंनी उटी (अडसर) लावा, त्यानंतरच हातांकडे वळा. हात बसवताना एक डावा, एक उजवा असं आलटून-पालटून करा. एकाच बाजूचा हात पूर्ण जोडला की गाडा त्या बाजूला लवंडू पाहतो. हात पुलीनं तोलून धरा, बिजागरीची पिन घाला, तिला लिंच पिन लावा आणि लगेच हाताखाली घोडी सरकवा. बिजागरीच्या भोकात बोट घालून भोकं जुळली का ते बघायचं नाही. त्यासाठी सळई किंवा टोकदार पंच वापरा.

आता चाकांची दिशा. प्रत्येक चाकाला साधारण ४० दात असतात आणि प्रत्येक दाताचं टोक एका बाजूला वाकलेलं असतं. डाव्या हाताची चाकं आणि उजव्या हाताची चाकं एकमेकांची आरशातली प्रतिमा असतात. ओळखायची खूण सोपी आहे. ट्रॅक्टर पुढं जाताना चाक ज्या दिशेनं फिरेल त्या दिशेनं हातानं फिरवा आणि खालच्या दाताकडे बघा. टोक जमिनीवरून मागं ओढलं गेलं पाहिजे, जमिनीत खुपसलं जाता कामा नये. उलटं लागलं तर दात नांगरासारखे माती उकरतात आणि पहिल्याच दिवशी पाच-सहा तुटतात. चाकं जमिनीवर मांडून, खडूनं 'डा' आणि 'उ' लिहून मगच उचला.

नटबोल्ट: डोक्यावर ८.८ असं लिहिलेलं असेल तर १० मिमी बोल्टला सुमारे ४५, १२ मिमीला ८० आणि १६ मिमीला २०० न्यूटन-मीटर जोरानं आवळा. पुस्तिकेत वेगळा आकडा असेल तर तोच धरा. टॉर्क रिंच नसेल तर अंदाज असा: पान्याला पाइप लावून लांबी एक मीटर करा आणि टोकाला वीस किलोच्या वजनाएवढी ओढ द्या, की २०० झाले. १२ मिमीला अर्ध्या मीटरवर सोळा किलोची ओढ पुरे. सगळे बोल्ट आधी हातानं बसवून घ्या आणि पूर्ण सांगाडा चौकोनात आला की मग आवळा. एकेक आवळत गेलात तर शेवटची भोकं जुळत नाहीत आणि मग लोक हातोडा घेतात. नायलॉनचा नट एकदा काढला की नवा घाला. चाकांचे नट पहिल्या तासानंतर आणि पुन्हा आठ-दहा तासांनी आवळून घ्या. रंगावर बसलेला नट रंग दबला की सैल होतो.

---

तेलदाब

एका पाइपवर दोन्ही हात उचलले जातात, पण सिलिंडर सिंगल ॲक्टिंग असतील तरच. सिलिंडरला तेलाचं एकच तोंड आणि दुसऱ्या टोकाला छोटा हवेचा ब्रीदर असेल तर तो सिंगल ॲक्टिंग. तुमची ट्रॉली उचलायची लाइन चालेल, मधे टी (तीन तोंडांचा जोड) लावून दोन होज न्यायचे. दोन्ही टोकांना तेलाची तोंडं असतील तर डबल ॲक्टिंग, मग ट्रॅक्टरला दोन पाइपांचा व्हॉल्व्ह बसवून घ्यावा लागेल. डबल ॲक्टिंग सिलिंडरचं एक तोंड बुच मारून बंद करायचा उपाय कुणी सुचवला तर करू नका. आत अडकलेल्या तेलाला जायला वाट राहत नाही.

दोन तोंडांच्या व्हॉल्व्हवर चालवलंत तर काम करताना लिव्हर फ्लोटला (हात मोकळे वरखाली होतील अशा जागी) हवी. ती मधे अडकून राहिली तर हात ताठ होतात, चढ-उताराला चाकं एकतर हवेत राहतात नाहीतर जमिनीत घुसतात. सिंगल ॲक्टिंगला लिव्हर 'खाली' करून तशीच ठेवायची, म्हणजे हात स्वतःच्या वजनानं जमिनीबरोबर वरखाली होतात.

होजच्या जोडाला टेफ्लॉन टेप गुंडाळू नका. टेपचे तुकडे तेलातून व्हॉल्व्हपर्यंत जातात, आणि सिलिंडरच्या तोंडाशी बारीक भोकाचा रिस्ट्रिक्टर असतो, तो तर हमखास तुंबतो. रबर लावलेलं लोखंडी वॉशर येतं, ते घाला. रिस्ट्रिक्टरचं काम हात सावकाश उतरवणं हे आहे. हात आपटतोय म्हणून कुणी तक्रार केली तर तो आहे का आणि दोन्ही बाजूंना सारख्याच भोकाचा आहे का, ते आधी बघा.

पहिल्यांदा तेल भरताना सिलिंडरचा रॉड हाताच्या कानातून सोडवून ठेवा. सिलिंडरमधे हवा असते. रॉड जोडलेला असताना ती हवा दबली की हात आधी हलत नाही, मग एकदम उसळतो किंवा अर्ध्यावरून खाली येतो. रॉड मोकळा ठेवून पूर्ण बाहेर काढा, इंजिन बंद करून लिव्हर 'खाली' करा आणि लाकडाच्या ठोकळ्यानं रॉड आत ढकला. असं चार-पाच वेळा केलं की हवा ट्रॅक्टरच्या टाकीत निघून जाते. मग रॉड जोडा.

यानंतर तेलाची पातळी बघा, दोन्ही हात खाली असताना. ६३ मिमी बोअर आणि ४०० मिमी स्ट्रोकचा सिलिंडर सव्वा लिटर तेल घेतो, म्हणजे दोघांत अडीच लिटर. हे तेल ट्रॅक्टरच्या मागच्या हाउसिंगमधूनच येतं, तेव्हा पातळी कमी दिसली तर भर घाला, आणि तीही ट्रॅक्टरला जे तेल सांगितलंय त्याचीच.

गळती शोधायला आपला हात होजवरून फिरवू नका. हे लिहितोय कारण पुढची चूक बोट घालवते. दीडशे-पावणेदोनशे बारच्या दाबाचं तेल सुईएवढ्या भोकातून निघालं तर दिसतही नाही, पण कातडीतून आत जातं. जखम काट्याएवढी असते आणि सुरुवातीला फारशी दुखतही नाही, म्हणून माणूस हळद लावून कामाला लागतो. आत मात्र मांस मरत जातं. त्याच तासात शस्त्रक्रियेची सोय असलेल्या दवाखान्यात जा आणि 'दाबाचं तेल आत गेलंय' हे डॉक्टरांना स्पष्ट सांगा. गळती बघायची तर पुठ्ठ्याचा तुकडा होजजवळून फिरवा, ओला डाग पडतो. चष्मा घाला. आणि कपलर काढण्याआधी रेकचे हात जमिनीवर उतरवून, इंजिन बंद करून, लिव्हर दोन-तीनदा हलवून दाब सोडा.

---

सारेवाला (फलटण)

दोघांचेही मनापासून आभार. सिलिंडर सिंगल ॲक्टिंगच आहेत, ब्रीदर दिसला. दांडी ड्रॉबारला लावू की लिफ्टच्या फळीला? फळीला लावली तर उंची जुळते. आणि घास साऱ्यांमधे (पाण्यासाठी पाडलेल्या लांब वाफ्यांमधे) आहे, साऱ्यांचे वरंबे चार-पाच इंच उंच. त्याचं काय करायचं?

---

अवजार_जोडणी

ड्रॉबारला. उंची जुळत नसेल तर दांडीच्या टोकाला वरखाली भोकं असतात, ती बदला. मधली चॅसी पाणलेव्हल लावून जमिनीला समांतर आली पाहिजे. पुढून उचललेली राहिली तर मागची चाकं रुततात आणि पुढची नुसती गवत चाटतात. लिफ्टच्या फळीला लावायची वेळ आलीच तर दोन्ही बाजूंच्या चेक चेन (फळी डुलू न देणाऱ्या साखळ्या) ताठ करा, फळी खालच्या जागी ठेवा आणि लिफ्टच्या लिव्हरला दोरी बांधून टाका. टॉप लिंकच्या (लिफ्टच्या वरच्या दांड्याच्या) जागी किंवा ड्रॉबारपेक्षा उंच कुठंही ओढ लावली तर चढावर ट्रॅक्टरची पुढची चाकं उचलली जातात.

टोचन पिन (दांडी ड्रॉबारला अडकवायची) भोकाला बसेल त्याच जाडीची हवी आणि खालून क्लिप लावलेली. सळईचा तुकडा वाकवून घातलेली पिन खड्ड्यात उसळून वर येते. सोबत साखळी लावा, अवजाराचं पूर्ण वजन पेलेल अशी, आणि वळणापुरतीच ढील ठेवून.

---

वैरण_बेलर

साऱ्यांचा प्रश्न महत्त्वाचा आहे. परदेशातल्या पुस्तिकेत तो सापडणार नाही, कारण तिकडची रानं सपाट असतात. १० चाकी व्ही-रेक साधारण सहा मीटर पसरतो, म्हणजे दोन-अडीच मीटरच्या दोन-तीन साऱ्यांवर एकदम चालणार. आडवा चालवलात तर प्रत्येक वरंबा दहाही चाकं खरवडतील आणि सगळी माती ओळीत येईल. साऱ्याच्या लांबीनंच चालवा. मग वरंबे ठरावीक एक-दोन चाकांखालीच येतात. बहुतेक रेकना एकेक चाक साखळीनं किंवा पिननं वर अडकवून ठेवता येतं, ती चाकं उचलून ठेवा. तिथला थोडा घास राहील, राहू द्या. पुढच्या लागणीला तुषार सिंचन असेल तर सारे न पाडता सपाट पेरा. वरंबेच राहत नाहीत. ठिबकच्या नळ्या रानात असतील तर त्या गोळा केल्याशिवाय रेक आत घालू नका. एक नळी दातात अडकली की पुढची पन्नास फूट गुंडाळत येते.

माती का नको ते आकड्यात सांगतो. लसूणघासात स्वतःची राख (चारा जाळल्यावर उरणारी खनिजं) ८ टक्क्यांच्या आसपास असते. प्रयोगशाळेच्या तपासणीत १२-१३ आली तर वरची सगळी माती आहे. तेवढी माती गाय खाते आणि तुम्ही चाऱ्याच्या भावानं ती विकत घेता किंवा विकता. फिंगर व्हील रेक, म्हणजे हाच दाताळी चाकांचा, स्वस्त आणि हलका आहे, पण पीटीओवर चालणाऱ्या रोटरी रेकपेक्षा तो माती जास्त आणतो. म्हणून दाताचा दाब हे या अवजाराचं मर्म आहे.

दाब असा लावा: हात कामाच्या जागी उतरवा, इंजिन बंद करा, चावी काढून घ्या. मग प्रत्येक चाकाच्या कडेला वजनाचा हुकवाला काटा लावून वर ओढा. ४ ते ५ किलोला चाक जमिनीवरून सुटलं पाहिजे. आठ-दहा किलो लागत असेल तर स्प्रिंग जास्त ताणून वजन कमी करा. दोन किलोलाच सुटत असेल तर चाक उड्या मारत जाईल आणि घास मागे राहील. दहाही चाकं तपासा, दोन बघून बाकीची तशीच धरू नका. रानात शंभर पावलं चालवून मागे वळून बघा. जमिनीवर दातांच्या बारीक रेघा दिसत असतील तर दाब जास्त आहे. घासाची कापणी दोन-तीन इंच उंचीवर ठेवलीत तर घास बुडख्यांवर तरंगतो आणि दातांना जमिनीपर्यंत जावंच लागत नाही.

वेग ताशी ८ ते १० किलोमीटर. मीटर नसेल तर बांधावर ३० मीटर मोजून दोन दगड ठेवा. ते अंतर ११ सेकंदांत गेलं तर १०, साडेतेरा सेकंदांत गेलं तर ८. यापेक्षा जोरात गेलात तर पानं झडतात आणि ओळीला दोरासारखा पीळ पडतो. पिळाची ओळ वरून वाळते, आत ओली राहते, आणि तो गठ्ठा आतून बुरशी धरतो.

वेळ: लसूणघासाचं बहुतेक प्रथिन पानातच. खडखडीत वाळल्यावर रेक फिरवला तर नुसत्या काड्या हाती लागतात. ओलावा ४० टक्क्यांच्या आसपास असताना ओळ लावा. काडी वाकवली तर वाकते, पान चुरगळलं तर चुरा होत नाही, अशी अवस्था. एकदम वाळूनच गेला असेल तर पहाटेचं दव असताना करा. गठ्ठे मात्र १५ ते १८ टक्क्यांना.

ओळीची रुंदी मागच्या पिननं कमी-जास्त होते. पिकअप दीड मीटरचा आहे तर ओळ सव्वा मीटरची ठेवा, आणि दोन्ही कडा मधल्या भागाएवढ्याच जाड असू द्या. मधे जाड, कडेला पातळ अशी ओळ केली की गठ्ठा एकसारखा भरत नाही. दोन हातांच्या मधोमध जो पट्टा राहतो तो उलटला जात नाही. तिथं मधलं जादा चाक बसवायची सोय असेल तर बसवाच, नाहीतर ओळीच्या तळाशी हिरवा थर राहतो.

आणि ट्रॅक्टर मागं घेताना रेकचे हात वर. एक फूट मागं घ्यायचं असलं तरी. दात उलटे लोळले की वाकतात.

---

बांधावरून

तुटलेल्या दाताबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. रेकचा दात म्हणजे साडेसहा-सात मिमी जाडीची पोलादी तार. तो तुटून ओळीत पडला तर बेलर त्याला गठ्ठ्यात बांधतो. गठ्ठा कडबाकुट्टीत गेला तर पातं फुटतं आणि तुकडे माणसाच्या तोंडावर येतात. कुट्टी न करता घातला आणि त्याचा तुकडा गाईनं गिळला, तर तो जाळीदार पोटात बसतो आणि पुढं हृदयापर्यंत टोचत जातो. दुधाची गाय हातची जाते.

उपाय दोन. प्रत्येक चाकावर दातांच्या मधून बारीक वायर रोप फिरवून दात एकमेकांना बांधा, म्हणजे तुटलेला लोंबकळत राहतो. आणि रोज काम संपलं की दात मोजा, ४० आहेत का ते चाकावर खडूनं लिहा. कमी भरला तर त्या दिवसाच्या ओळी लोहचुंबक फिरवून बघा, गठ्ठे बांधण्याआधी.

रस्त्यावरचं: हात मिटल्यावरही गाडा तीन मीटरच्या आसपास रुंद राहतो आणि गावाकडचा एकेरी रस्ता पावणेचार मीटरचा. दातांची टोकं मोटारसायकलवाल्याच्या छातीच्या उंचीला येतात. मिटून दोन्ही बाजूंच्या लॉक पिना घाला, लिव्हर अडकवा, मागे लाल त्रिकोण आणि दोन्ही कडांना रिफ्लेक्टर लावा. लाल फडकं रात्री दिसत नाही. ताशी २५ किलोमीटरच्या वर पळवू नका. अंधार पडला असेल तर गाडा रानातच ठेवा, सकाळी न्या. मडगार्डवर किंवा दांडीवर कुणालाही बसू देऊ नका, पोरांना तर अजिबात नाही.

हात मिटताना चाकं वर जातात. ती उंची एकदा टेपनं मोजून मडगार्डवर रंगानं लिहून ठेवा. रानातल्या विजेच्या तारा उन्हाळ्यात ओळंबतात, त्यांच्याखाली हात उघडायचे नाहीत आणि मिटायचेही नाहीत. तारेला लागलंच तर सीटवरच बसून राहायचं, इतरांना लांब ठेवायचं आणि वीज बंद करायला सांगायचं. आग लागली तरच उतरायचं, तेही दोन्ही पाय जोडून उडी मारून, ट्रॅक्टरला आणि जमिनीला एकाच वेळी न शिवता, आणि नंतर पाय घासत लहान पावलं टाकत लांब जायचं.

---

सारेवाला (फलटण)

जोडणी झाली. दाब काट्यानं लावला, सगळी चाकं साडेचार-पाचच्या दरम्यान आहेत. फक्त एक: लिव्हर उचलली की उजवा हात आधी वर जातो, तो पूर्ण गेल्यावर डावा निघतो. खाली येताना डावा फार सावकाश. दोष कुठं शोधू? आणि हाच रेक उसाच्या पाचटाला चालेल का?

---

तेलदाब

वर जाताना एक आधी, एक नंतर हे एका टीवरच्या दोन सिलिंडरांत थोडंफार होणारच. तेल कमी विरोधाकडे आधी जातं. पण उतरतानाही डावाच अडखळतोय म्हणजे डाव्या बाजूचा रिस्ट्रिक्टर तुंबलेला असण्याची शक्यता जास्त. दोन्ही हात जमिनीवर, इंजिन बंद, लिव्हर हलवून दाब सोडा. मग डाव्या सिलिंडरच्या तोंडाचा जोड काढा, रिस्ट्रिक्टर डिझेलनं धुऊन उजेडासमोर धरा. भोक गोल आणि मोकळं दिसलं पाहिजे. तारेनं कोरू नका, भोक मोठं झालं की हात आपटायला लागेल. तो स्वच्छ निघाला तर डाव्या बिजागरीची पिन कोरडी आहे का बघा, ग्रीस दुसऱ्या बाजूनं बाहेर येईपर्यंत भरा. तरीही तसंच राहिलं तर डावा होज कुठं पिळला गेलाय का ते बघा. हात मिटलेला आणि उघडलेला, दोन्ही वेळा बघा.

---

वैरण_बेलर

पाचटाला नको. उसाचे बुडखे दाताला धरतात आणि सरी-वरंब्यावर चाकं अर्धी हवेत राहतात. पाचटाला मिनिटाला ५४० फेऱ्यांच्या पीटीओवरचा रोटरी रेक लागतो, आणि त्याच्या शाफ्टवर प्लास्टिकचं पूर्ण कव्हर साखळीसकट असल्याशिवाय तो सुरू करायचा नाही. गव्हाच्या काडाला मात्र तुमचा रेक उत्तम चालेल. काड हलकं असतं, दाब तीन-साडेतीन किलोपर्यंत उतरवा आणि वारा असेल तर चाकांच्या मधल्या पत्र्याच्या ढाली लावून घ्या, नाहीतर काड चाकातून आरपार उडतं.